तुमचा हसरा चेहरा मला जमत नाही

सर, तुमचं नाक मी पंधरा दिवसांत तीनदा मोडलं. मातीचं. खरं नाक मोडलं ते उसाच्या ट्रॅक्टरनं, आणि त्यात माझा काही हात नाही असं मी स्वतःला रोज सांगते.

शनिवारी कॉलेजात तुमची शोकसभा आहे. स्टेजवर फोटो नको, प्लास्टरमध्ये ओतलेला चेहरा हवा, मूर्तिकाम शिकवणाऱ्या माणसाला तेच शोभतं, असं सगळ्यांनी ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे ज्यांना तो करायचा नव्हता त्यांनी. करायचा मी. चार वर्षं तुमच्या हाताखाली सगळ्यात जास्त शिव्या मी खाल्ल्या, तेव्हा तुमचं तोंड मलाच पाठ असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते खरंच आहे. तुमच्या कपाळावरच्या दोन उभ्या आठ्या मी डोळे मिटून मातीत ओढू शकते.

अडचण वेगळीच झाली. तुमच्या घरी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझा हात धरला आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय अशा आवाजात म्हणाल्या, "हसरं कर गं. लोकं येतील. मला ह्यांचं तोंड बगूसुद्दा दिलं न्हाई कुणी."

तुम्हाला दवाखान्यातून आणलं ते डोक्यापासून गुंडाळूनच. तुमच्या मेव्हण्यांनी कापड सोडू दिलं नाही. काकूंच्या वाट्याला फक्त पाय आले. त्यांनी त्या पायांना हळदकुंकू लावलं आणि तुम्हाला नेलं. म्हणजे आता काकू तुमचं जे तोंड शेवटचं बघणार आहेत, ते माझ्या हातचं असणार आहे. हे कळल्यापासून मला तुमचा भयंकर राग येतोय. जाताना धड तोंड तरी ठेवून जायचं होतं.

हसरा करायचा म्हणून काकूंकडून फोटो आणले. तीस वर्षांच्या संसारात तुम्ही हसताय असा फोटो एक, तोही भाचीच्या लग्नातला, फेटा बांधून, आणि हसताय की फेटा टोचतोय हे कळत नाही. त्यावरनं पहिला चेहरा केला. तो पतसंस्थेच्या चेअरमनसारखा झाला. नाकावर बुक्की घालून मोडला. दुसरा दाताच्या डॉक्टरच्या बोर्डावर शोभला असता. मोडला. तिसरा मात्र बरा होता, येणारेजाणारे थांबून बघायला लागले. माझ्या वर्गातला नेसरी म्हणाला, "लई ग्वाड दिसाय लागल्यात सर." ग्वाड! तुम्ही! मी त्याच्यासमोरच मूठ घातली. बिचारा मातीची बादली घेऊन दोन पावलं मागं सरला.

नेसरी तुमचा लाडका. नेसरीचा तो नेसरी, पेठ वडगावची ती वडगाव, आणि मी गडमुडशिंगीची म्हणून मुडशिंगी. कुणाला नावानं हाक मारलीत का हो कधी? माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

पहिल्या वर्षी तुम्ही मला जो प्रश्न विचारलात तोच चार वर्षं विचारत राहिलात. "तुझा विषय काय, मुडशिंगी?" मी घागर घेतलेली बाई केली. मग कोकरू घेतलेला धनगर केला, मग पाळण्यावर वाकलेली आई. छान, गुळगुळीत, नातेवाइकांना आवडतील अशा वस्तू. दर शनिवारी तुमचा नेम ठरलेला: आठवड्याचं काम ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं मोडायचं आणि माती परत हौदात टाकायची. मुली रडायच्या. तुम्ही हातात थापी घेऊन फिरायचात, माती बडवायची ती लाकडी फळी, आणि कुणी मोडायला कचरलं की ओरडायचात, "मोडा की! का माहेरास्नं आणलीय माती?" मी कधी रडले नाही. माझी घागरवाली मी बिनदिक्कत मोडायचे. त्यात माझं काहीच नव्हतं, त्यामुळं काही दुखायचंही नाही. हे तुमच्या लक्षात आलं होतं. "विषय शोधाय रंकाळ्यावर कशाला जातीस? तू काय दडवून ठेवलंयस ते बग आदी," असं म्हणाला होतात. मला वाटलं, म्हातारा उगीच काहीतरी बोलतोय.

मग दुसऱ्या वर्षी घरातल्या माणसाचा चेहरा करायचा होता, आणि मी आई केली.

आता हे तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण तुम्हाला ज्या पद्धतीनं कळलं ती पद्धत मला मान्य नाही. आईचा डावा जबडा माझ्या पप्पांनी मोडला, मी नववीत असताना. फौंड्रीत वितळलेलं बिडाचं लोखंड ओतणारा हात आहे तो, एकच बसली. दवाखान्यात 'न्हाणीत पाय घसरला' असं सांगितलं आणि शेजारी उभं राहून मी मान डोलावली. हाड वेडंवाकडं जुळलं. "मी खातो की एका बाजूनं, काय हुतंय त्येला," म्हणून आईनं विषय मिटवला. (आमच्याकडं बायाही स्वतःला खातो-जातोच म्हणतात. माझं तसं बोलणं सुधारायला निघालेल्या बाहेरच्या परीक्षकाला तुम्ही वर्गाबाहेर काढलं होतंत, ते मी विसरलेले नाही.)

तर आईचा चेहरा करताना माझ्या बोटांनी डावा जबडा आपोआप वर उचलला. मी लांब होऊन बघितलं. ओला स्पंज घेतला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. डोक्यावर पदर चढवला, कुंकू कोरलं, चेहऱ्यावर समाधान आणलं. तुम्ही फिरत फिरत आलात. डाव्या गालावर अंगठा ठेवलात.

"हितं काय हुतं?"

"कायच न्हाई सर."

"स्पंज फिरलाय हितं. काय पुसलंस?"

मी स्पंज पाठीमागं धरला.

"काय पुसलंस, इचारतोय मी!"

आणि तुम्ही थापी उचललीत आणि माझ्या आईच्या डाव्या जबड्यावर हाणलीत. एकच. अख्खा गाल आत गेला, डोळा खाली घसरला. "आता सांग," म्हणालात.

वर्गात आम्ही चौदा जणं. मी तुमच्या तोंडाकडं बघत सांगितलं, "माझ्या पप्पांनी पण हितंच मारलतं सर."

माझ्या आयुष्यात मी हे पहिल्यांदा कुणाला सांगत होते, आणि तेही असं, सगळ्यांसमोर, जसं कुणी पत्ता सांगतं तसं. तुमच्या हातातली थापी तशीच राहिली. तुम्ही बाहेर गेलात, त्या दिवशी परत वर्गात आला नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या स्टँडजवळ घमेलंभर माती होती, खडा न् खडा वेचलेली, लोण्यासारखी मळलेली. ती तुम्ही मळली होती हे नेसरीनं सांगितलं. सर, माफी म्हणून माती? मी ती वापरली, कारण माती चांगली होती. पण मला ते पुरेसं वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही. तुम्ही 'चुकलं' एवढं म्हणायला हवं होतं. आमच्या पप्पांनीही दुसऱ्या दिवशी आईला मटण आणून दिलं होतं, तोंडानं ते चकार शब्द बोलले नव्हते. तिला तर ते चावताही येत नव्हतं.

त्या मातीतून मी आई परत केली. या वेळी पदर नाही, कुंकू नाही, जबडा जसा आहे तसा. दहा दिवस लागले. रोज घरी जाऊन जेवताना आईच्या तोंडाकडं चोरून बघायचं आणि सकाळी येऊन लावायचं. एके दिवशी आईनं विचारलं, "काय बगतीस सारखी?" मी म्हटलं, काही नाही. घरात मी तेव्हाही खोटंच बोलत होते. खरं बोलायला शिकले ते फक्त मातीत. ते काम करताना मला भूक लागायची नाही, आणि पहिल्यांदाच ते काम शनिवारी मोडायची भीती वाटली. भीती म्हणजे दहशत. तुमच्याच थापीची.

शनिवार आले तसे मी ते ओल्या फडक्याखाली दडवलं आणि घाई केली. रविवारी कॉलेज रिकामं असतं, शिपायाला गयावया करून आत शिरले आणि एकटीनं साचा ओतला. सर, निळीचं सांगायला नको. पहिला पातळ थर निळीचा, प्लास्टरच्या पाण्यात धुण्याची नीळ चिमूटभर टाकायची आणि तो चेहऱ्यावर शिंपडायचा, त्यावर मग पांढरा जाड थर. मग आतली माती काढून प्लास्टरचा चेहरा ओतला की साचा बाहेरून छिन्नीनं फोडत जायचं. पांढरं उडतंय तोवर बिनधास्त हाणायचं. निळं दिसलं की हात आखडायचा, खाली कातडी आहे. पहिल्या वर्षापासून तुम्ही कानीकपाळी ओरडत होतात, "नीळ इसरलीस तर खून करशील!" मी विसरले. तुमच्या भीतीनं विसरले. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पांढरं. छिन्नी लावली, लाकडी मोगरीनं हाणायला लागले, आणि मला मजा येत होती, हेही खरं सांगते. फोडायला मजा येते. ढलपे उडत होते, मी हाणत होते. मग एका घावाचा आवाज वेगळा आला, बद्द. ढलपा हातात घेतला तर तो आतून गोल होता. आईचा गाल. छिन्नी डाव्या जबड्यात बोटभर गेली होती.

पप्पांनी मारलं, तुम्ही मारलं, आता मी. तिघांनीही त्याच जागी.

सोमवारी तुम्ही आलात. मला वाटलं आता वर्ग दणाणणार. तुम्ही खाली फरशीवर बसलात, सगळे ढलपे गोळा केलेत आणि एवढ्या हळू बोललात की मला आधी ऐकूच आलं नाही. "ऱ्हाऊ दे असंच. ही भेग बुजवायची न्हाई. हाच तुझा विषय हाय, पोरी."

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. मी म्हटलं, भेग चुकून पडलीय, चूक म्हणजे कला नव्हे. तुम्ही म्हणालात, चूक हातानं केली, हात तुझाच हाय. मी म्हटलं, "तुमास्नी विषय मिळाला सर. मला त्या बाईच्या हातचं जेवायचं हाय रोज." आणि मोगरी उचलून मी तो चेहरा फोडला. पूर्ण. तुम्ही किंचाळलात. माझं मनगट एवढं जोरात धरलंत की चार दिवस वळ होते. मी तुम्हाला ढकललं, तुम्ही हौदाच्या काठावर आपटलात, चष्मा मातीत गेला. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याला पुसलात, घातलात. त्यानंतर महिनाभर आपण बोललो नाही. माझी त्या वेळची खरी भावना सांगू? मला तुम्हाला आणखी एकदा ढकलायचं होतं.

त्या महिन्यात मी माझ्या हाताकडं बघायला लागले. इतके दिवस मला वाटायचं, मार देणारे वेगळे असतात आणि मी खाणाऱ्यांच्या बाजूची. पण आमच्या घरात पप्पा टीव्ही बघत बसले असताना त्यांचा हात वहीत काढला, आणि अंगठ्याचं ते बुटकं पेर, करंगळीचा बाक, सगळं माझ्या मनगटापुढं आहे तसंच निघालं. मग हातच काढत सुटले. आईचे भाकरी थापणारे. आमच्या गल्लीतल्या खाटकाचे, मान धरून सुरी फिरवताना किती शांत असतात ते. रिक्षावाल्याला कानाखाली देणाऱ्या ट्रॅफिक पोलिसाचे. वही भरली, दुसरी भरली. महिना संपता संपता तुम्ही माझ्या मागून वही उचललीत, शेवटपर्यंत चाळलीत, आणि वही परत ठेवून म्हणालात, "उद्या वडगावच्या बाजारला जाऊ. जनावरांचा बाजार बगितल्याशिवाय हात कळत न्हाईत." बोलायला लागण्याची तुमची ही तऱ्हा.

तो बाजार आठवला की मला अजून हसू येतं आणि रडूही. आम्ही पाच-सहा जणं बैलांचे जबडे उघडून दात बघणारे हात काढत बसलो होतो. एक व्यापारी टेम्पोत न चढणाऱ्या बैलाला शेपटीशी काठीनं झोडपत होता. तुम्ही आधी बऱ्या शब्दांत सांगितलंत, "पावणं, असू द्या, चढंल त्यो."

तो म्हणाला, "तुमचा हाय व्हय बैल?"

पुढचं मला नीट दिसलं नाही. काठी तुमच्या हातात होती आणि व्यापारी ओरडत होता. मग त्याचे दोघं भाऊ आले. आम्ही तुम्हाला ओढत एसटी स्टँडपर्यंत पळालो. तिथं बाकड्यावर बसून तुम्ही हसलात. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तुमचा ओठ फुटला होता, दात लाल झाले होते, आणि तुम्ही म्हणत होतात, "बैल मातुर चढला न्हाई!" चार वर्षांत मी तुमचा खरा हसरा चेहरा बघितला तो एवढाच. तो मला तंतोतंत करता येईल, सर. पण काकूंसमोर रक्ताळलेले दात कसे ठेवू?

मी तुमच्याकडून काय शिकले असं लोक विचारतायत. शोकसभेत दोन मिनिटं बोलायचंय म्हणे. स्टेजवर मी शिस्त वगैरे सांगेन. खरं हे आहे की तुम्ही मला बघायला शिकवलंत, आणि ज्या हातानं शिकवलंत तो हात मला मान्य नव्हता. या दोन्ही गोष्टी मला एकाच वाक्यात म्हणता येत नाहीत. तुमच्या थापीशिवाय मी आजही घागरवाल्या बाया करत असते, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी तुमचे आभार मानायचे का? मग आईनं पप्पांचे कशाबद्दल मानायचे? तुम्ही असतात तर यावर तासभर ओरडला असतात. ओरडा की.

शेवटच्या दिवसाचं आता बोललंच पाहिजे.

पप्पांचा हात मी यंदा मोठा केला होता, मूठ नाही, मूठ वळायच्या आधीचा. सगळ्या हातांत तो चांगला झाला होता. वार्षिक प्रदर्शनात तो मध्यभागी ठेवायचा आणि खाली 'पप्पा' असं लिहायचं, हा तुमचा हट्ट. मी नाही म्हणत होते. गाव पाच कोसांवरसुद्धा नाही, कुणीतरी येणार, घरी सांगणार, आणि त्याची भरपाई संध्याकाळी आई करणार. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "भितीस. एवढं करून शेपूट घातलीस."

मला तुमच्या घरातलं चित्र आठवलं. मी एकदा तुमचे कागद द्यायला आले होते तेव्हाचं: चहात साखर कमी म्हणून तुम्ही नुसती बशी सरकवलीत, आणि काकूंचा खांदा दचकून वर गेला. मी म्हटलं, "तुमी कुणाला भीत न्हाई सर, म्हणून तर तुमच्या घरात कोण तोंड उघडत न्हाई."

तुमचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मग स्कूटरची किल्ली घेतलीत आणि गेलात. तेव्हा चार वाजले होते. दिवस मावळताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडून उभा होता आणि तुम्ही मागून जाऊन त्यावर आदळलात. मधले अडीच तास तुम्ही कुठं होतात कुणालाच माहीत नाही. माझं वाक्य डोक्यात घेऊन फिरत होतात का? की तुम्ही ते केव्हाच झटकून टाकलं होतंत? मला माझं वाक्य परत घ्यायचं नाही, ते खरं होतं. मला फक्त ते दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी यायला हवं होतंत, आणि मला फाडून खायला हवं होतंत.

चौथा चेहरा मी फोटो न लावता केला. परवा सकाळी बसले, डोळे मिटून माती चढवत गेले, आणि दुपारी डोळे उघडून बघितलं तर समोर चार वाजताचे तुम्ही. कपाळावर आठ्या, नाकपुड्या फुगलेल्या, ओरडायला उघडलेलं तोंड, आणि त्यात शब्द नाही. डोळ्यांत माझं वाक्य नुकतंच लागलेलं. सर, ते माझ्या आजवरच्या कामात सगळ्यात चांगलं काम आहे आणि मला ते बघवत नव्हतं. स्पंज हातात घेतला. ओठांची कड जरा वर उचलली असती, आठ्या बुजवल्या असत्या, तर काम झालं असतं. काकूंना हसरं हवं होतं, लोकांना ग्वाड हवं होतं. स्पंज पिळला, परत भिजवला, परत पिळला. शेवटी चेहऱ्यावर ओलं फडकं टाकून घरी गेले.

काल काकू आल्या. एकट्याच, रिक्षानं. तेरावा परवाच झालेला. हातात बांगड्या तशाच होत्या. माझी नजर गेलेली बघून म्हणाल्या, "जाऊबाई काढाय आलत्या. मी म्हटलं, ह्यांनी सांगून ठेवलंय, जो हात लावंल त्येचं तंगडं मोडायचं." हेही त्या कुजबुजतच म्हणाल्या. तुम्ही तसं खरंच सांगितलं होतंत का? मला विचारायचं धाडस झालं नाही.

मी म्हटलं, काकू, हसरं जमलं नाही. मी फडकं काढलं.

त्यांनी आधी बाजूनं बघितलं. मग मागून. "कान मोटं झाल्यात," म्हणाल्या. मग समोर आल्या. तुमची आणि त्यांची उंची स्टँडवर बरोबर एक झाली होती, डोळ्याला डोळा. किती वेळ उभ्या होत्या सांगता येणार नाही. नेसरी कोपऱ्यात प्लास्टर चाळत होता, तो थांबला.

आणि काकूंनी तुमच्या मुस्काटात दिली.

ओल्या मातीवर तळहात बसल्याचा आवाज सगळ्या वर्गात घुमला. नेसरीच्या हातातली चाळण पडली. काकूंचा हात तिथंच चिकटून राहिला होता. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच तोंड घिऊन गेल्यात. सकाळी कप आपटला, आन् हेच तोंड घिऊन गेल्यात. एकडाव तरी मारायचं हुतं मला. जित्तं असताना." मग हात सुटला आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि रडल्या. पंधरा दिवसांत त्या रडल्या नव्हत्या, असं नंतर तुमच्या मेव्हण्यांकडून कळलं.

रडणं थांबल्यावर त्यांनी वर बघितलं आणि घाबरल्याच. डाव्या गालावर त्यांची चार बोटं उमटली होती, खोल, करंगळीच्या बाजूला बांगडीची गोल कडसुद्धा. "मोडलं का गं? तुजं काम मोडलं मी?" असं म्हणत त्या पदरानं माती पुसून काढायला लागल्या, अंगठ्यानं खड्डे भरायला लागल्या, इतक्या मायेनं की मला बघवेना. मी त्यांचा हात धरला.

आईच्या चेहऱ्यावरची भेग मी ठेवू दिली नाही, कारण ती तिनं मागितलेली नव्हती, आपण दोघांनी तिच्यावर घातली होती. त्या भांडणात मी अजूनही तुमचं ऐकणार नाही. पण हा घाव ज्याच्या हातचा आहे तो हात समोर बसला होता, मातीनं भरलेला. मी विचारलं, "काकू, बुजवू का ठेवू? तुमी सांगाल तसं."

त्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुमच्या उघड्या तोंडाकडं. पदरानं स्वतःचे डोळे पुसले, बोटं पुसली.

"ठेव," म्हणाल्या.

मी म्हटलं, शनिवारी दोन-अडीचशे लोक असणार, पहिल्याच रांगेत प्राचार्य, तुमच्याकडचे सगळे पाहुणे. विचारतील, गालावर हे काय.

"इचारू देत की," काकू म्हणाल्या. "मी सांगतो." आणि हे त्या कुजबुजल्या नाहीत, सर. बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या शिपायानं वळून बघितलं, एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या.